कशावरून?

कणभौतिकी गणिताशिवाय शिकता येते का? विद्यापीठातल्या अर्थाने नाही. तरीही गेली ऐंशीहून अधिक वर्षे नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ सामान्य वाचकासाठी पुस्तके लिहीत आले आहेत. त्या वाचकाला नेमके काय द्यायचे, याची कल्पना मात्र दर पिढीत बदलत गेली.

जॉर्ज गॅमॉव्ह यांचे मिस्टर टॉम्पकिन्स १९४०च्या सुमारास आले. बँकेतला हा कारकून स्वप्नात अशा गावात पोचतो, जिथे प्रकाशाचा वेगच इतका कमी आहे की सायकलवरचा माणूसही चपटा दिसतो. वाचकाला चकित करायचे आणि त्याची भीती घालवायची, हा हेतू होता आणि तो साधला. पण चकित झालेल्या वाचकाला हे सारे शास्त्रज्ञांना कसे कळले, ते कळत नाही.

ती उणीव स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८३मध्ये ‘द डिस्कव्हरी ऑफ सबॲटॉमिक पार्टिकल्स’ लिहून भरून काढली. माझ्या मते सामान्य वाचकासाठी या विषयावर याहून प्रामाणिक पुस्तक नाही. १८९७मध्ये जे. जे. थॉमसन यांनी कॅथोड किरण विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांत किती वळतात ते मोजले आणि त्यावरून कणाचा विद्युतभार व वस्तुमान यांचे गुणोत्तर काढले. हे समजायला जेवढे बलाचे नियम लागतात तेवढेच वाइनबर्ग शिकवतात आणि मग वाचकाला प्रयोगापाशी नेतात. इलेक्ट्रॉन आहे, हे त्यांच्या शब्दावर मानावे लागत नाही. दोन वर्षांनी आलेल्या ‘क्यूईडी’मध्ये रिचर्ड फाइनमन यांनी उपमा बाजूला ठेवल्या. फिरणारे छोटे बाण काढायचे, ते जोडायचे, येणाऱ्या बाणाच्या लांबीचा वर्ग करायचा. त्यातून घटनेची संभाव्यता मिळते. हे गणितच आहे, फक्त चिन्हांऐवजी चित्रांतले.

नव्वदच्या दशकात पुस्तकांवर दुसरेच काम आले. टेक्सासमध्ये ८७ किलोमीटर घेराचा महाकाय कणत्वरक बांधला जात होता आणि खर्च वाढत चालला होता. वाइनबर्ग यांचे ‘ड्रीम्स ऑफ अ फायनल थिअरी’ आणि लिऑन लेडरमन यांचे ‘द गॉड पार्टिकल’ ही पुस्तके करदात्यांपुढे त्या यंत्राची बाजूही मांडत होती. १९९३च्या ऑक्टोबरात अमेरिकी काँग्रेसने प्रकल्प रद्द केला. त्याच वर्षी ब्रिटनचे विज्ञानमंत्री विल्यम वॉल्डग्रेव्ह यांनी हिग्ज नावाचा कण म्हणजे काय ते एका पानात सांगा, असे आव्हान दिले. डेव्हिड मिलर यांचे उत्तर गाजले: मेजवानीत माजी पंतप्रधान शिरल्या की कार्यकर्ते त्यांच्याभोवती गोळा होतात, त्यांना पुढे सरकणे जड जाते, तसे कणाला वस्तुमान येते.

उपमा सुंदर आहे, पण तिच्या आधाराने एक मोठा गैरसमज पसरला. जगातले सारे वस्तुमान हिग्जमुळे, असे अनेकांना वाटते. प्रोटॉनचे वस्तुमान सुमारे ९३८ एमईव्ही. त्यातल्या तीन क्वार्कांची हिग्जमुळे आलेली वस्तुमाने मिळवली तर बेरीज जेमतेम एक टक्का भरते. उरलेले जवळपास सगळे प्रोटॉनच्या आत कोंडलेल्या क्वार्क आणि ग्लुऑन यांच्या ऊर्जेतून येते. आपल्या देहाचे वजन बहुतांशी ऊर्जेचे आहे! ही गोष्ट हिग्जइतकीच विलक्षण असून मागे पडली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुढे अशा गैरसमजाचा धोका वाढला. ब्रायन ग्रीन यांचे ‘द एलिगंट युनिव्हर्स’ १९९९मध्ये आले आणि स्ट्रिंग सिद्धान्त घरोघरी पोचला. त्याला प्रयोगाचा आधार मिळालेला नाही, हे ग्रीन सांगतात; पण वाचकाच्या मनात इलेक्ट्रॉन आणि स्ट्रिंग एकाच पंगतीला बसले. २०१२च्या ४ जुलैला सर्न या प्रयोगशाळेने नवा कण सापडल्याचे जाहीर केले, तो हिग्ज ठरला. महासममिती (सुपरसिमेट्री) या सिद्धान्तानुसार अपेक्षित कण मात्र अजून दिसलेले नाहीत. साबिने होसेनफेल्डर यांनी २०१८च्या ‘लॉस्ट इन मॅथ’मध्ये सौंदर्याच्या ओढीने भौतिकी भरकटल्याची टीका केली. त्यांची सगळी मते मला पटत नाहीत. पण शास्त्रज्ञांमधला वाद वाचकापुढे मांडला जातो, हे मला या पुस्तकांचे वयात येणे वाटते.

म्हणून प्रत्येक विधानापाशी ‘कशावरून?’ असे विचारणे, हीच सामान्य वाचकाची खरी कणभौतिकी. त्याचे उत्तम उदाहरण आपल्या देशात आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५मध्ये वातावरणात जन्मलेल्या, खडकातूनही आरपार जाणाऱ्या न्यूट्रिनो कणांच्या खुणा टिपल्या. न्यूट्रिनोच्याच कशावरून? तिथे वरून येणारे म्यूऑन नावाचे कण खडकात जवळजवळ सगळे अडतात. मग फार तिरप्या दिशेने, म्हणजे आणखी कितीतरी जास्त खडकातून, आलेला म्यूऑन शेजारच्या खडकातच न्यूट्रिनोमुळे जन्मलेला असणार. एवढा तर्क दहावीच्या मुलालाही पेलतो. हा प्रयोग वाइनबर्ग यांच्या पद्धतीने, आकृत्यांसह आणि आकड्यांसह, मराठीत कुणा जाणत्या भौतिकशास्त्रज्ञाने लिहावा.