कंबर कुणाची, निर्णय कुणाचा?

वार्धक्यात माणसाकडून सर्वप्रथम काही हिरावले जात असेल, तर तो स्वतःविषयी बोलण्याचा अधिकार. डॉक्टर विचारतात आजीला आणि उत्तर देतो मुलगा!

कंबरेच्या मणक्यांमधून मज्जातंतूंची वाट जाते. वयोमानानुसार तेथील सांधे वाढतात, चकती सरकते, अस्थिबंध जाडावतो आणि ती वाट अरुंद होते. वैद्यकात याला 'स्पायनल स्टेनोसिस' म्हणतात. चार पावले चालताच पायांत गोळे येतात; बसले किंवा पुढे वाकले की आराम पडतो. त्यामुळे सायकलवर सहज जाणाऱ्या म्हाताऱ्याला पायी बाजार गाठवत नाही. घरच्यांना मग ते सोंग वाटते. हा संशय मूळ दुखण्याहून क्रूर आहे.

एमआरआय काढला की न्याय झाला, असेही नाही. पाठदुखी कधीच न झालेल्या ६७ जणांची अशी तपासणी अमेरिकेत झाली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साठीपुढील सुमारे २१ टक्के लोकांत ही वाट अरुंद आढळली. उपचारांचेही तसेच. शस्त्रक्रियेस तयार असलेल्या १६९ रुग्णांपैकी काहींना शस्त्रक्रिया, तर काहींना देखरेखीखाली व्यायाम नेमून दिला गेला. दोन वर्षांनी दोन्ही गटांची हालचाल जवळपास सारखीच होती, असे २०१५ साली दिसून आले. मात्र व्यायामाच्या गटातील निम्म्याहून अधिकांनी पुढे शस्त्रक्रियाच करून घेतली. म्हणजे शास्त्रानेच निवड रुग्णावर सोपवली आहे. (पायांतील बळ झपाट्याने जाऊ लागले किंवा मलमूत्रावरील ताबा सुटला, तर मात्र चर्चा नको, तत्काळ रुग्णालय गाठावे.)

आणि आपण काय करतो? एक मुलगा म्हणतो, "आता ह्या वयात कशाला?" दुसरा म्हणतो, "ऐपत आहे, करूनच टाकू." दोघांच्याही मनात माया असेल, पण आईला विचारले कुणी? ही शस्त्रक्रिया सहसा जीव वाचविण्यासाठी नसते, चालण्यासाठी असते. कुणाला देवळापर्यंत पायी जायचे असते, कुणी ओटीवर बसून सुखी असते. चालण्याचे मोल चालणाऱ्यालाच ठाऊक.

"तुम्ही म्हणाल तसं," असे आई म्हणते खरी. परंतु ही संमती नव्हे. बहुधा ती खर्चाची धास्ती असते. अशा वेळी सुना-मुलांनी खोलीबाहेर थांबावे, डॉक्टरांनी तिला एकटीला पुन्हा विचारावे, आणि पैशाची सोय काय आहे तेही तिला आधीच सांगितलेले असावे.