थांबता येणारे फंक्शन

डेटा टप्प्याटप्प्याने पुढे सरकवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जनरेटर, म्हणजे एकेक मूल्य देऊन थांबणारी आणि पुढचे मागितले की तिथूनच पुढे चालणारी फंक्शन, वापरले की मेमरी वाचते, असे सांगितले जाते. ते खरेच आहे. काही गिगाबाइटची लॉग फाइल असली तरी एका वेळी एकच ओळ हाताळून ती गाळता येते, तिच्यातले आकडे वेचता येतात, त्यांची बेरीज करता येते. पण या कल्पनेची वाटचाल पाहिली तर मेमरीची बचत हा आनुषंगिक लाभ ठरतो. काय करायचे आणि ते केव्हा करायचे, या दोन गोष्टींची फारकत हे तिचे खरे मोल आहे.

मेल्विन कॉन्वे यांनी १९६३ मध्ये कोबोल कंपायलरच्या रचनेवरील निबंधात कोरुटीनची कल्पना मांडली. तिच्यात मुख्य प्रोग्रॅम कोणता आणि त्याच्या हुकमातला कोणता, हा भेदच उरत नाही. प्रत्येक भाग स्वतंत्र प्रोग्रॅमसारखा लिहायचा आणि शेजारच्या भागाशी फक्त देण्याघेण्याचे नाते ठेवायचे. असे भाग आलटूनपालटून चालवा, नाहीतर मधला डेटा टेपवर उतरवून एकामागून एक चालवा. निकाल एकच येतो. युनिक्समध्ये १९७३ साली आलेल्या पाइपने हीच जोडणी प्रोग्रॅमांच्या पातळीवर आणली. पुढच्याच वर्षी जिल कान यांनी तिला गणिती आधार दिला: प्रत्येक प्रक्रिया निश्चित असेल, ठरल्या वाहिनीवर डेटा येईपर्यंत थांबत असेल आणि इतरांशी केवळ वाहिन्यांतूनच बोलत असेल, तर कामाचा क्रम बदलल्याने उत्तर बदलत नाही. भाषांच्या आत पाहिले, तर बार्बरा लिस्कोव्ह यांच्या क्लू भाषेतले एकेक मूल्य देणारे इटरेटर फॉर-लूपपुरते मर्यादित होते. पायथनमध्ये २००१ साली आलेला जनरेटर मात्र स्वतःच एक वस्तू आहे. तो दुसऱ्या फंक्शनच्या हाती देता येतो आणि म्हणूनच त्याची साखळी गुंफता येते.

यावरचे आक्षेप हलके नाहीत. साखळी बांधली जाते एका जागी आणि चूक उघड होते भलतीकडेच, शेवटचा टप्पा डेटा मागतो तेव्हा. पण प्रत्येक टप्प्याला तीन-चार घटकांची साधी लिस्ट देऊन तो सुटा तपासता येतो, ही याच फारकतीची देणगी आहे. जनरेटर एकदाच वापरता येतो आणि क्रमवारी लावायची तर सगळा डेटा गोळा करावाच लागतो, हेही खरे. अशा ठिकाणी उघडपणे लिस्ट करावी. सर्वांत गंभीर आक्षेप असा, की सारे टप्पे एकाच थ्रेडवर पाळीपाळीने चालतात, मग हा खरा डेटा-प्रवाह कसला? याचे उत्तर कान यांच्या अटींत आहे. टप्प्यांनी त्या पाळल्या असतील, तर तीच साखळी उद्या अनेक प्रोसेसरांवर पसरता येईल आणि उत्तर तेच राहील. मात्र एखाद्या टप्प्याने सामाईक व्हेरिएबल चोरून बदलले, तर क्रम पुन्हा महत्त्वाचा होतो आणि फारकत मोडते. जनरेटरमध्ये मूल्य देऊन थांबण्यासाठी लिहायचे ते यील्ड नुसते लिहून ही शिस्त येत नाही. प्रत्येक टप्प्याने दारातून आलेलेच घ्यावे आणि दारातूनच द्यावे, हे पथ्य लिहिणाऱ्यालाच सांभाळावे लागते.