फाशीची मागणी आणि साक्षीची जबाबदारी

काही वर्षांपूर्वी आमच्या परिसरात एका लहान मुलीची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी एका संशयिताला अटक झाली आणि त्या शुक्रवारी जुमाच्या बयानात मी म्हणालो की, अशा माणसाला तत्काळ फाशी दिली पाहिजे. नमाजनंतर अनेकांनी समाधान व्यक्त केले. एक वृद्ध नमाजी मात्र मागे थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "मौलाना, त्यानंच केलं, अशी साक्ष तुम्ही अल्लाहसमोर देऊ शकाल का?" वर्तमानपत्रातील बातमीखेरीज माझ्यापाशी काहीही नव्हते.

इस्लामी शरीअतमध्ये मृत्युदंड आहे, हे लपवण्याचे कारण नाही. जाणूनबुजून केलेल्या हत्येसाठी किसासचा आदेश सूरह अल-बकराच्या १७८व्या आयतीत आला आहे आणि समाजाच्या जीविताचे रक्षण हा त्याचा हेतू पुढच्याच आयतीत सांगितला आहे. परंतु आपण बहुधा तेवढेच सांगून थांबतो. त्याच १७८व्या आयतीत मृताच्या वारसांसाठी क्षमेचे दार उघडे ठेवले आहे, हे आपण सांगत नाही. सूरह बनी इस्राईलच्या ३३व्या आयतीत वारसाला अधिकार देतानाच मर्यादा ओलांडण्यास मनाई केली आहे. संशय निर्माण झाल्यास हद आणि किसास टळतात, हा नियम चारही मजहबांच्या फुकहांनी मान्य केला आहे. शिक्षा देण्यात चूक होण्यापेक्षा माफ करण्यात चूक झालेली बरी, या आशयाची एक रिवायत तिर्मिजीत आहे. तिची सनद दुर्बल असल्याचे मुहद्दिस सांगतात. तरीही तिच्यातील तत्त्व फुकहांनी स्वीकारले, कारण घेतलेला जीव कोणताही काझी परत देऊ शकत नाही.

हा केवळ किताबी प्रश्न नाही. आपल्याच महाराष्ट्रात जून २००३ मध्ये एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बलात्कारही झाले. या गुन्ह्यासाठी भटक्या जमातींतील सहा गरीब पुरुषांना सत्र न्यायालयाने २००६ साली फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. पण २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली. त्यांच्यातील एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर सिद्ध झाले. अखेर मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने सुरुवातीलाच पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते. त्या दिशेने तपासच झाला नाही, असे न्यायालयाला आढळले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. तुरुंगात गेलेली सुमारे सोळा वर्षे कोण भरून देणार? आणि २००९ च्या निकालानंतर फाशीची अंमलबजावणी लगेच झाली असती, तर २०१९ चा निकाल ऐकायला कोण उरले असते?

येथे मृतांच्या नातेवाइकांना विसरून चालणार नाही. त्यांच्यावरही अन्याय झाला, तोही दोनदा. आधी घर उद्ध्वस्त झाले आणि मग खरे गुन्हेगार कोण, हा प्रश्न तसाच राहिला. चुकीच्या माणसाला फासावर चढवल्याने मृताचा हक्क अदा होत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मखजूम या प्रतिष्ठित घराण्यातील एका स्त्रीने चोरी केली, तेव्हा तिच्यासाठी हजरत उसामा (रजि.) यांच्यामार्फत रदबदली करण्यात आली. प्रेषित (स.) नाराज झाले. पूर्वीच्या लोकांचा नाश यामुळेच झाला की, ते प्रतिष्ठितांना सोडत आणि दुर्बलांना शिक्षा करत, असे त्यांनी बजावले. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. आता आपल्या देशाकडे पाहा. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. चांगला वकील देणे ज्याला परवडत नाही, त्याच्याच गळ्यापर्यंत दोर लवकर पोहोचतो.

आपल्या समाजातील निरपराध तरुण वर्षानुवर्षे कोठडीत राहून सुटले की आपण व्यथित होतो आणि ते रास्तच आहे. पण वर सांगितलेले सहा जण आपल्या समाजाचे नव्हते, म्हणून त्यांच्याविषयी आपण किती बोललो? सूरह अन्-निसाच्या १०५ ते ११२ या आयती येथे आठवाव्यात. अनेक भाष्यकारांच्या मते मदीनेत मुस्लिम म्हणवणाऱ्या एकाने चोरी करून तिचा आळ एका यहुदी माणसावर टाकला होता आणि त्याच्या कुटुंबीयांनी त्याचीच बाजू घेतली होती. त्या यहुद्याचे निर्दोषत्व प्रकट करण्यासाठी या आयती अवतरल्या. स्वतःचे पाप निरपराधावर लादणारा उघड गुन्ह्याचे ओझे उचलतो, असे त्यांत बजावले आहे.

म्हणून किसासचा दाखला देऊन फाशी मागणाऱ्याने किसासच्या अटीही मान्य केल्या पाहिजेत. जेथे तपास कच्चा आहे, कबुलीजबाब मारहाण करून घेतला जातो आणि गरिबाला वकील मिळत नाही, तेथे त्या अटी पूर्ण होत नाहीत. तेथे जीव घेण्याची घाई करणे हा इस्लामचा आदेश नाही, असे माझे नम्र मत आहे. आपण मोर्चा काढावा तो प्रामाणिक तपासासाठी आणि पीडित कुटुंबाच्या आधारासाठी.

पुढच्या जुमाला मी त्याच जागी उभा राहून माझे शब्द मागे घेतले. ते वृद्ध गृहस्थ पहिल्या सफमध्ये होते. त्यांचा प्रश्न मी आता प्रत्येक बातमी वाचताना स्वतःला विचारतो. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देण्यापासून अल्लाह आपल्या जिभांचे रक्षण करो. आमीन.