मनाचं उचंत खातं

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात गेलो. 'गेलो' म्हणायचं एवढंच. जायचं कुठंच नव्हतं. मुक्त विद्यापीठ असल्यामुळं पुस्तकं टपालानं घरी आली आणि मी होतो तिथंच, म्हणजे सांगोल्यात, आमच्या माडीवर ज्वारीच्या कोठीशेजारी बसून, विद्यार्थी झालो. विषय मानसशास्त्र.

आमचं गाव असं आहे, की कुणी नवी चप्पल घेतली तरी संध्याकाळपर्यंत चार जण किंमत विचारून जातात. ही बातमी तर चपलेपेक्षा मोठी. शाखाधिकाऱ्यांनी विचारलं, "याचा प्रमोशनला काही उपयोग?" मी "नाही" म्हणालो. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की हा विषय मी अभ्यासाला घेतला आहे की मला डॉक्टरनं लिहून दिला आहे, असा त्यांना प्रश्न पडला असावा. शेजारचे अण्णा दुसऱ्याच दिवशी आले आणि त्यांनी तळहात पुढं केला. मानसशास्त्र म्हणजे हात बघणं, असा त्यांचा समज. आणि आमची ही म्हणाली, "बावीस वर्षं संसार करून माझ्या मनात काय आहे ते कळलं नाही. आता पुस्तकात बघून सांगणार का?"

वास्तविक मी कॉमर्सचा पदवीधर. आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात माणूस पहिल्याच प्रकरणात एकदा भेटायचा. तो शहाणा आहे, स्वतःचा फायदा ओळखतो, असं जाहीर व्हायचं आणि पुढं शेवटच्या पानापर्यंत तो पुन्हा दिसायचा नाही. नंतर बावीस वर्षं मी काउंटरच्या अलीकडं बसून पलीकडची माणसं बघितली. त्या पुस्तकातला माणूस काही अजून स्लिप भरायला आलेला नाही.

मला खरा हेवा वाटायचा तो आमच्या रविवारच्या जनावरांच्या बाजारातल्या हेड्यांचा. खिलार खोंडाचा सौदा चाललेला असतो. रुमालाखाली बोटं धरलेली, तोंडानं अक्षर नाही, आणि हेड्या मात्र समोरच्याचा चेहरा बघून सांगणार, की हा अजून दोन हजार चढणार. याचं पासबुक मी बघितलेलं असतं, तरी याच्या मनातलं मला कळत नाही. आणि त्यानं कुणाचं पासबुक बघितलेलं नसताना त्याला कळतं. म्हटलं, हे शास्त्र शिकलंच पाहिजे.

शिकायला लागलो. १८७९ साली जर्मनीतल्या लाइपझिग इथं वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तिथून या शास्त्राचा जन्म मोजतात. पुढं एबिंगहाउस नावाच्या गृहस्थानं निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, त्या आपण किती वेगानं विसरतो ते मोजलं आणि १८८५ साली छापलं. आमच्या हेड ऑफिसची परिपत्रकं त्याला मिळाली असती, तर याद्या बनवायचे कष्ट वाचले असते. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याच्या तोंडाला सूचना मिळताच पाणी सुटायचं, हे पूर्वी ऐकलं होतं. पण त्यांचं १९०४ चं नोबेल पचनक्रियेवरच्या कामासाठी होतं, हे नव्यानं कळलं. आमच्या शाखेत चार वाजता जिन्यावर किटलीचा आवाज झाला, की सगळ्या माना एकदम वळतात. तेव्हापासून मी त्या क्षणी मान खाली घालून बसतो. पाणी सुटायचं ते सुटतंच.

मग मनोविकृतींचं प्रकरण आलं. शनिवारी रात्री ते वाचायला घेतलं आणि सोमवारपर्यंत मला स्वतःमध्ये तीन विकार सापडले, अण्णांमध्ये दोन, आणि शाखाधिकाऱ्यांमध्ये तर अख्खा अभ्यासक्रम. पहिल्या वर्षाच्या बहुतेक विद्यार्थ्यांचं असंच होतं, असं नंतर कळलं. तेव्हा मला माझ्या विकारांपेक्षा माझ्या सामान्यपणाचं जास्त वाईट वाटलं.

इथवर सगळी गंमत होती. पण पुढं एक प्रकरण आलं आणि मी जरा सावरून बसलो.

आपण दुसऱ्याच्या वागण्याचं कारण कुठं शोधतो? त्याच्या स्वभावात. तो उशिरा आला, म्हणजे आळशी. ओरडला, म्हणजे उद्धट. त्याची परिस्थिती काय होती, हे आपण बघतच नाही. मानसशास्त्रात ही चूक मूलभूत मानली जाते. लीला नव्हे, ली रॉस नावाच्या प्राध्यापकानं १९७७ साली तिचं बारसं केलं. त्याआधी १९७१ साली जोन्स आणि निस्बेट यांनी म्हटलं होतं, की स्वतःच्या बाबतीत मात्र आपण उलटं करतो. मी उशिरा आलो, तर गाडी उशिरा आली. मी ओरडलो, तर डोकं दुखत होतं.

बँकेच्या भाषेत सांगतो. एखादी रक्कम नेमकी कुठल्या खात्याला टाकायची ते कळत नसेल, तर ती तात्पुरती उचंत खात्याला टाकतात. आपल्या सगळ्या चुका आपण अशाच 'परिस्थिती' नावाच्या उचंत खात्याला टाकत असतो, आणि दुसऱ्याची चूक मात्र थेट त्याच्या नावानं खतावतो, तीही शाईनं.

२००६ साली एका संशोधकानं या विषयावरचे १७३ जुने अभ्यास एकत्र करून तपासले. एकूण हिशेबात हा फरक जवळजवळ दिसलाच नाही. दिसला तो वाईट गोष्टींच्या बाबतीत. आणि चांगल्या गोष्टींत तर उलटाच. म्हणजे चांगलं झालं की 'माझा स्वभावच तसा', वाईट झालं की 'काय करणार, परिस्थिती!' हे वाचून मला सांगोलाच आठवलं. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे आमच्या सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली, तेव्हा मी दिसेल त्याला सांगत होतो, "आमची माणसंच कष्टाळू!" वास्तविक माझ्या नावावर डाळिंबाचं एक झाड नाही. आणि एका बागाईतदाराचे हप्ते थकले, तेव्हा मीच कॅशियरला म्हणालो होतो, "वृत्तीच बुडवी असते काहींची." त्याच्या बागेवर तेल्या पडला होता. तेल्या म्हणजे काय, हे सांगोल्यात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मलाही होतं. पण खतावणीच्या वेळी ते आठवलं नाही.

तर परीक्षा जवळ आली. केंद्र सोलापूरला. आदल्या दिवशी साडेतीनला निघायची परवानगी काढली होती. मंगळवेढ्यावरून जाणारी एसटी गाठायची, रात्री मेहुण्याकडं मुक्काम करायचा आणि राहिलेलं एक प्रकरण वाचून काढायचं. ते प्रकरण परोपकाराचं होतं. माणूस दुसऱ्याला मदत केव्हा करतो आणि केव्हा करत नाही, असा त्याचा विषय.

तीन पंचवीसला एक म्हातारी काउंटरशी आली. घेरडीकडची. श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायचे होते. यंत्रावर अंगठा ठेवला, उमटेना. दुसरं बोट, तिसरं बोट. रानात जन्म गेलेल्या बोटांच्या रेषा झिजून जातात आणि यंत्र म्हणतं, ही ती बाई नव्हे. अशा वेळी दुसरा मार्ग असतो. स्लिप भरायची, पासबुकावरचा फोटो ताडून पाहायचा, अधिकाऱ्याची सही आणायची. दहा-बारा मिनिटांचं काम. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "आजी, उद्या या." आणि 'काउंटर बंद'ची पाटी लावली.

ती काही बोलली नाही. पासबुक पिशवीत घातलं, पिशवीची गाठ मारली आणि गेली.

एसटीत बसल्यावर मी स्वतःला म्हणालो, की पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, तेव्हा तिचं भाड्याचं नुकसान काही झालं नाही. स्वतःला पटेल असं कारण शोधून देण्याच्या या प्रकाराला पुस्तकात 'समर्थन' म्हणतात. ते मला दोन महिन्यांपासून पाठ होतं. पण मंगळवेढा येईपर्यंत मला ते ओळखू आलं नाही.

मेहुण्याकडं जेवणच इतकं झालं, की परोपकाराचं प्रकरण राहूनच गेलं. ते मी परीक्षा झाल्यावर, परतीच्या गाडीत वाचलं. त्यात एक प्रयोग होता. डार्ली आणि बॅट्सन या दोघांनी तो १९७३ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेत प्रिन्स्टनला पाद्री व्हायला शिकणारे चाळीस विद्यार्थी घेतले. शेजारच्या इमारतीत जाऊन त्यांनी छोटं भाषण करायचं होतं. काही जणांना विषय दिला होता बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीचा, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या माणसाला धर्माची माणसं ओलांडून जातात आणि परका माणूस उचलतो, ती गोष्ट. वाटेत एका दारात एक माणूस मुद्दाम खोकत, कण्हत बसवला होता. ज्यांना 'भरपूर वेळ आहे' असं सांगितलं होतं, त्यांच्यातले शंभरी त्रेसष्ट थांबले. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलं होतं, त्यांच्यातले शंभरी दहा. भाषणाचा विषय कुठला आहे, यानं म्हणण्यासारखा फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेले काही जण त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले.

चाळीसच माणसांचा प्रयोग. त्यावर फार मोठा इमला बांधू नये, हे मलाही कळतं. पण त्या गाडीत मला तो कुणीतरी माझ्यावरच लिहिल्यासारखा वाटला. आधी अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, पाठोपाठ मोठा दिलासा वाटला. म्हणजे माझा दोष नाही! भल्याभल्या पाद्र्यांचं होतं, तिथं कारकुनाची काय कथा? मी दगड नाही, मी नुसता गडबडीत होतो. शास्त्रानं माझी रक्कम उचंत खात्याला टाकायला शिक्क्यासकट परवानगी दिली होती.

घरी आल्यावर मी हा प्रयोग आणि त्याआधीचा म्हातारीचा प्रसंग, दोन्ही हिला सांगितलं. ही तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "गडबडीतल्या शंभरातले दहा थांबले ना? ते कोण होते, ते नाही का लिहिलं?"

मी पुस्तक उलटंपालटं केलं. ते लिहिलेलं नव्हतं.

मला वाटतं, या शास्त्राचं आणि आपल्या सद्सद्विवेकाचं भांडण इथंच आहे. नव्वद जण का थांबले नाहीत, हे शास्त्र सांगतं, आणि ते खोटं नाही. प्रत्येक वागण्याला कारण असतं. पण कारण सापडलं म्हणून चूक माफ झाली का? सगळ्याच चुका परिस्थितीच्या म्हटल्या, तर थकबाकीदारही सुटला, लाचखाऊही सुटला, आणि मग त्या दहांतल्या माणसालाही शाबासकी द्यायचं कारण उरत नाही; त्याचीही काहीतरी परिस्थिती असणारच. आणि सगळंच स्वभावाचं म्हटलं, तर तेल्या पडलेल्या बागेच्या मालकाला बुडवा म्हणणारा मी बरोबर ठरतो. दोन्हीकडं ताळेबंद जुळत नाही.

पुढच्या आठवड्यात म्हातारी परत आली. मी उठून बाहेर गेलो, तिला खुर्ची दिली, स्लिप मीच भरली, सही आणली. पैसे मोजून हातात दिले आणि म्हणालो, "आजी, त्या दिवशी माझं चुकलं. दहा मिनिटांचं काम होतं, मी परत पाठवलं."

ती पैसे पिशवीत ठेवत म्हणाली, "न्हाई सायेब, तुमचं कुटं चुकलं? तुमाला बी गडबड आसंल की. मीच येळ बघून निघाया पायजे हुतं."

डार्ली नाही, बॅट्सन नाही, पहिलं वर्षही नाही. माझी चूक तिनं परिस्थितीच्या खात्यावर टाकली आणि स्वतःची शाईनं स्वतःच्या नावावर लिहिली. जे उचंत खातं मी एसटीत बसून स्वतःच उघडलं होतं, तेच तिनं उघडलं. पण नोंद तीच असली, तरी ती कुणाच्या हातची आहे यानं फरक पडत असावा. तिनं ती केली तेव्हा ती माफी झाली. मी केली होती तेव्हा ती नुसती खाडाखोड होती. आणि तिनं माफ केल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. ते काही वाटलं नाही.

तेव्हापासून थकबाकीदार समोर आला, की आधी बागेचं विचारतो. शाखाधिकारी ओरडले, की यांच्याही वर कुणीतरी ओरडलं असेल, असं धरून चालतो. हे जमतं. स्वतःच्या बाबतीत हिशेब कडक ठेवायचा, ते अजून नीट जमत नाही. पण साडेतीनला पाटी लावायच्या आधी एकदा दाराकडं बघतो. दोनदा तर उशीरही झाला, आणि कॅशियर म्हणाला, "काय साहेब, गडबड नाही वाटतं आज?"

शेवटच्या गृहपाठात एक प्रश्न आला होता : 'वर्तनाची कारणमीमांसा करताना होणाऱ्या चुका स्वानुभवातील उदाहरणासह स्पष्ट करा.' मी म्हातारीची सगळी हकिकत लिहिली. काही लपवलं नाही, घड्याळ, पाटी, एसटी, सगळं. गृहपाठ तपासून आला. पंचवीसपैकी तेरा गुण, आणि समासात लाल शाईनं शेरा : 'उदाहरण काल्पनिक वाटते.'