रजा आणि खाडा

कामावर न येण्याला मराठीत दोन शब्द आहेत. कचेरीतला माणूस आला नाही तर तो 'रजेवर' असतो. घरी धुणीभांडी करणारी बाई आली नाही तर तिचा 'खाडा' होतो. रजा मागावयाची, मंजूर व्हावयाची आणि खात्यावर जमा राहावयाची असते. खाडा धरावयाचा आणि कापावयाचा असतो. रजेचे प्रकार पुष्कळ : नैमित्तिक, अर्जित, परिवर्तित, विशेष, आणि प्रत्येकीस स्वतंत्र नियम. खाड्यास प्रकार नाही. ताप आला, मूल आजारी पडले, गावी कोणी वारले किंवा नुसता कंटाळा आला, भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवशीची फुली पडावयाची ती एकच. हा भेद आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात काही नैतिक प्रश्न दडलेला असेल असे सहसा मनात येत नाही. २०२० सालच्या महामारीने तो प्रश्न दारात आणून उभा केला. महामारी ओसरली, प्रश्नाचे उत्तर मात्र कोणी दिले नाही. म्हणून आज तो पुन्हा काढण्याचे आम्ही योजिले आहे.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि दिल्लीतील वसाहतींची फाटके कामकरी स्त्रियांना बंद झाली. मे महिन्यात बंधने सैल होऊ लागली. १८ मेपासून केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत उपसचिवांखालील कर्मचाऱ्यांपैकी निम्मे पाळीपाळीने येऊ लागले. आणि त्याच सुमारास वसाहतीवसाहतींतील रहिवासी संघांपुढे, दिल्लीच्या बोलीत आर.डब्ल्यू.ए.पुढे, एकच विषय आला : बायांना पुन्हा येऊ द्यावे की नाही, आणि येऊ द्यावयाचे तर कोणत्या अटींवर? अटी ठिकठिकाणी साधारण सारख्याच होत्या. फाटकावर कपाळाशी यंत्र धरून ताप मोजावयाचा. वहीत नाव आणि वेळ लिहावयाची. हात निर्जंतुक करावयाचे. मुखपट्टी काढावयाची नाही. लिफ्ट वापरावयाची नाही. काही घरांनी आणखी एक अट घातली : 'आमच्याकडे यावयाचे तर दुसरीकडे जावयाचे नाही.' या शेवटच्या अटीत तर्क आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पाच घरांच्या कामावर जिचा संसार चालतो तिने चार घरे सोडावी, आणि पाचव्याने मात्र आपल्या एका घराचेच पैसे द्यावे, हा हिशेब कोणत्या लेखाविभागात मंजूर होईल हे आम्हांस कळत नाही.

या साऱ्या अटींत 'सुरक्षितता' हा शब्द वारंवार येई. कोणाची सुरक्षितता हे कोठे लिहिलेले नसे, कारण ते लिहिण्याची आवश्यकता कोणास वाटत नसे. घराचे बाईपासून रक्षण करावयाचे हे गृहीतच होते. वस्तुतः हा रोग या देशात झाडू घेऊन आला नाही. ३० जानेवारी २०२० रोजी केरळात आढळलेला पहिला रुग्ण चीनमधून परतलेला होता; महाराष्ट्रातील पहिले रुग्ण, ९ मार्च रोजी पुण्यात आढळलेले, दुबईहून आले होते. रोग विमानातून उतरला. संशय मात्र पायी चालत येणारीवर बसला.

असे म्हणताना दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. घरोघरची भीती सर्वस्वी निराधार नव्हती. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणीचे जे सर्वेक्षण झाले, त्यात झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे दिसले. एका खोलीत सहा माणसे आणि अनेक कुटुंबांत एक संडास, तेथे दुसरे काय होणार? तेव्हा ज्या घरात सत्तर वर्षांचे वडील होते त्या घराने सावध राहू नये असे कोण म्हणेल? सावध राहण्याविषयी आमचा वाद नाही. सावधपणाचा सारा भार कोणाच्या अंगावर टाकला गेला, हा आमचा प्रश्न आहे.

येथे रोगाच्या स्वरूपाकडे थोडे पाहावे लागते. पहिल्या काही महिन्यांत भाजी धुणे, दारांच्या कड्या पुसणे यांवर भर होता. पुढे स्पष्ट झाले की संसर्ग मुख्यतः बंद जागेतील हवेतून होतो, आणि तो ताप चढण्याच्या आधीही होतो. याचा अर्थ असा, की उघडी खिडकी ही हातमोज्यांहून मोलाची होती. आणि मुखपट्टी ही जो लावतो त्याच्यापेक्षा समोरच्याचे रक्षण अधिक करी. म्हणजे बाईच्या तोंडावरील पट्टीने घर राखले जाई, आणि बाईला राखावयाचे तर घरातील माणसांनी ती लावावयास हवी होती. कित्येक घरांत असे चित्र दिसे, की केर काढणारी स्त्री नाकापर्यंत बांधलेली, आणि यजमान उघड्या तोंडाने तिला 'जरा लांबून' असे सांगत आहेत. रोज पाच घरांतील हवा घेणारी ती एकटी होती. पाच घरांचे रोग जेथे एकत्र यावयाचे तो चौक तीच. सर्वांत अधिक धोका तिला, आणि सर्वांत अधिक संशयही तिच्यावर.

ताप मोजण्याच्या यंत्राची गोष्ट याहून बोधप्रद आहे. जो रोग तापाआधी पसरतो तो कपाळाशी यंत्र धरून अडत नाही. तो अडवू शकणारी माहिती एकाच ठिकाणी असते, ती म्हणजे त्या स्त्रीच्या मनात. रात्री नवऱ्याला कणकण होती, शेजारच्या खोलीतील मुलगा खोकत होता, आज आपलाही घसा खवखवतो आहे, हे तिला ठाऊक असते, यंत्राला नसते. म्हणजे फाटकावरील सारी व्यवस्था अखेर तिच्या खरे बोलण्यावर उभी होती. आणि खरे बोलण्याचे फळ काय? खाडा. तोही एका दिवसाचा नव्हे, चौदा दिवसांचा. आणि कदाचित चौदा दिवसांनी दुसरीच कोणी कामावर लागलेली. 'घरी कोणी आजारी आहे का?' या प्रश्नाला 'हो' म्हणण्याची किंमत जर महिन्याची निम्मी मिळकत असेल, तर विचारणाऱ्याने 'नाही' हे उत्तर आधीच ठरवून टाकलेले असते.

सत्य बोलावे की न बोलावे हा तत्त्वचिंतकांचा जुना विषय. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ साली एक निबंध लिहून असे प्रतिपादिले, की दाराशी आलेल्या मारेकऱ्यालाही खोटे सांगण्याचा आपणांस अधिकार नाही. उलट महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. लपलेल्या लोकांचा मार्ग त्याने चोरांना खरा सांगितला आणि त्या सत्यवचनाने तो नरकास गेला. टिळकांनी गीतारहस्याच्या 'कर्मजिज्ञासा' प्रकरणात सत्याच्या अपवादांची चर्चा केली आहे, ती पुष्कळांनी वाचली असेल. परंतु या दोन्ही उदाहरणांत दाराशी दुर्जन आहे. आमच्या प्रश्नात दाराशी कोणी दुर्जन नाही. आत एक वृद्ध आहे, त्याचा जीव खरोखर धोक्यात आहे. बाहेर एक आई आहे, तिच्या मुलांचे जेवण खरोखर धोक्यात आहे. तिने खोकला लपविला तर त्यापासून अपाय होऊ शकतो, आणि म्हणून तिचे असत्य कौशिकाच्या कथेने धुऊन निघत नाही. गरीब आहे म्हणून तिचे सारे क्षम्य, असे म्हणणे हाही एक प्रकारे तिचा अपमानच होय. तिला कर्तव्यच नाही असे म्हणण्यासारखे ते आहे. तथापि कर्तव्य पाळण्याची शक्यता ज्याच्या हाती आहे तो ती रोखून धरतो, आणि मग कर्तव्यभंगाचा दोष दुसऱ्यास देतो, तेव्हा त्या दोषातील मोठा वाटा त्याच्याकडे जातो असे आमचे मत आहे. आजारपणाचे पैसे कापले जाणार नाहीत असे जिला सांगितले होते, आणि सांगितल्याप्रमाणे जिला दिले होते, तिने खोकला लपविला तर तिला आम्ही दोष देऊ. तोपर्यंत नाही.

सरकारी नोकरांस हे कळावयास कठीण जाऊ नये. टाळेबंदीत महागाई भत्त्याचे हप्ते गोठविले गेले खरे. एप्रिल २०२० मधील त्या आदेशाची चर्चा आपण कित्येक महिने केली. परंतु वेतन दरमहा पूर्ण मिळाले. घरी बसून मिळाले, आणि ते कोणी उपकार म्हणून दिले असे आपणांस क्षणभरही वाटले नाही. पुढे जून २०२१ मध्ये असा आदेश निघाला, की आईवडील किंवा आश्रित कुटुंबीय यांना हा रोग झाल्यास कर्मचाऱ्यास १५ दिवसांची विशेष नैमित्तिक रजा मिळेल. हा आदेश शहाणपणाचा होता. आजार सांगणाऱ्याचे नुकसान होऊ नये म्हणजे तो आजार सांगेल आणि कचेरी सुरक्षित राहील, एवढे साधे तत्त्व त्यात आहे. ते तत्त्व कचेरीच्या दारातून घराच्या दारापर्यंत येताना कोठे गळून पडते?

ते कागदावरही गळून पडलेले दिसते. २९ मार्च २०२० रोजी गृहमंत्रालयाने टाळेबंदीच्या काळात वेतन कापू नये असा आदेश काढला. त्यात उद्योग होते, दुकाने होती, व्यापारी आस्थापना होत्या. घरांचा उल्लेख नव्हता. मे महिन्यात तो आदेशही संपला. आदेशांचे मसुदे वाचण्यात ज्यांचे दिवस जातात त्यांना ठाऊक असते, की जो शब्द मसुद्यात नाही तो मनुष्यही त्यात नाही. अनेक घरांनी त्या महिन्यांचे पैसे आपण होऊन दिले, हे नमूद केलेच पाहिजे; पण 'आपण होऊन' या दोन शब्दांतच सारे आले.

यावर आक्षेप दोन येतात. पहिला असा, की घर म्हणजे कारखाना नव्हे. गृहस्थाचीही मिळकत बुडाली असेल. ज्याची बुडाली त्याच्याशी आमचे भांडण नाही. ज्याची बुडाली नाही त्याने दुसऱ्याच्या बुडालेल्या मिळकतीचा आधार घेऊ नये. दुसरा आक्षेप असा, की भरपगारी सुट्टी दिली तर बाया तिचा गैरफायदा घेतील. यावर आम्ही एवढेच विचारू, की केंद्रीय कर्मचाऱ्यास वर्षाला ज्या आठ नैमित्तिक रजा मिळतात, त्या डिसेंबरअखेर बुडू नयेत म्हणून त्याच महिन्यात इतक्या जणांना इतकी नैमित्तिक कामे कशी निघतात? तरीही ती रजा कोणी रद्द करा म्हणत नाही. आणि म्हणूही नये.

खरी अडचण निराळीच आहे, आणि तिचा विचार फारसा झालेला नाही. समजा, एक घर दरमहा २,४०० रुपये देते. म्हणजे दिवसाचे ८० रुपये. दहा दिवसांच्या आजारपणाचे ८००. २०२१ च्या वसंतात बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर याहून महाग विकला जात होता, आणि तो घरोघर घेतला गेला. तेव्हा रक्कम ही अडचण नव्हे. अडचण अशी, की एका घराने पगारी रजा दिली आणि उरलेल्या चारांनी खाडा धरला, तर ती बाई खोकत त्या चार घरी जाणारच. आणि पाचव्या घराचे पैसेही गेले, सुरक्षितताही गेली. एकट्याच्या सज्जनपणाने येथे भागत नाही. पाची घरांनी एकत्र ठरविले तरच त्याला अर्थ आहे. लोक एकत्र येत नाहीत असे म्हणावे, तर फाटक बंद करण्यासाठी हीच पाच घरे, नव्हे सारी वसाहत, एका संध्याकाळच्या सभेत एकमत झाली होती.

फाटकाचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट सांगतो. मार्च २०२० मध्ये राज्याराज्यांतून जो साथरोग कायदा लागू झाला तो १८९७ चा, म्हणजे प्लेगच्या दिवसांतला. त्या वर्षी पुण्यात गोरे सोजीर घरांत शिरून माणसे तपासत आणि संशयितांना छावणीत नेत. पांढरपेशा पुण्याला ते इतके झोंबले की त्याचा इतिहास झाला. रोग्याची तपासणी नको असे तेव्हाही शहाण्या माणसांचे म्हणणे नव्हते. आपल्याला रोगाचे गाठोडे समजून वागविले जाते, हे शल्य होते. त्याच वर्षी मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने गेल्या. एकाच साथीत एकाच गावात माणसाला हात लावण्याच्या या दोन तऱ्हा होत्या.

महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत नोंदणी झालेल्या घरेलू कामगारांसाठी १,५०० रुपयांचे साहाय्यही जाहीर झाले. नोंदणी नसलेली अर्थातच त्यात नव्हती. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०११ मध्ये घरकामगारांविषयीचा करार संमत केला, त्यात आठवड्याला सलग चोवीस तासांच्या विश्रांतीचे कलम आहे; भारताने त्या कराराच्या बाजूने मत दिले, अनुसमर्थन मात्र केले नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२५ मध्ये या वर्गासाठी कायद्याचा विचार करण्यास केंद्र सरकारला सांगितले. कायद्याची वाट पाहावी लागेल. परंतु वसाहतीच्या फाटकावर २०२० साली जी वही ठेवली होती, तिला कायद्याची गरज लागली नव्हती. तिच्यात प्रत्येक बाईचे नाव होते, ती कोणकोणत्या घरी जाते हे होते, रोजची वेळ आणि ताप होता. आणखी दोन रकाने आखले, एक आजारपणाच्या दिवसांचा आणि दुसरा त्या दिवसांचे पैसे पाची घरांकडून पोहोचल्याचा, तर त्याच वहीत रजेचा हिशेब राहू शकतो. रकाने आखण्याचे काम आपणांपैकी पुष्कळांना येते.