फळ अजून लिहिलेलं नसताना

 पैठण हा संत एकनाथांचा मुलूख. अर्ध्यावर राहिलेल्या एका ग्रंथाची गोष्ट या मुलखाची आहे. एकनाथांनी शके १५२१ मध्ये, म्हणजे १५९९ साली देह ठेवला, तेव्हा त्यांचं भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापर्यंत आलं होतं. पुढचं गावबा या शिष्यानं पूर्ण केलं. पुरणपोळीचा हट्ट धरणारा, चारचौघांनी वेडगळ ठरवलेला मुलगा अशी परंपरेत गावबाची ओळख आहे, आणि मोठमोठ्या पंडितांना बाजूला ठेवून हे काम नाथांनी त्याच्यावर सोपवलं असं सांगतात. ही आख्यायिका खरी मानायची की नाही, हा श्रद्धेचा भाग झाला. ग्रंथ दोन हातांनी पूर्ण झाला, हे मात्र खरं आहे, आणि तो होऊ शकला याला एक कारण होतं. प्रसंग लिहायचे राहिले होते, माणसं राहिली नव्हती. राम कोणत्या गोष्टीपुढे वाकणार नाही, बिभीषण भावाला कुठपर्यंत समजावेल आणि कुठे सोडून जाईल, हे गावबाला नव्यानं ठरवायचं नव्हतं.

आज अर्ध्यावर असलेल्या कथा लोकांपुढे येतात त्या व्हिडिओ गेमच्या रूपात, आणि तिथे एक नवाच प्रश्न उभा राहतो. नात्यांवर रचलेले कितीतरी गेम ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ म्हणून, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विकायला ठेवले जातात. खेळाडूनं कोणाशी मैत्री करायची, कोणाला दुखवायचं, कोणावर प्रेम करायचं हे निवडायचं असतं; पण त्या निवडीचा परिणाम ज्या अंकात दिसायचा, तो अंकच लिहून झालेला नसतो. ‘बाल्डर्स गेट ३’चं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२०मध्ये तो लोकांच्या हाती आला तेव्हा त्यात फक्त पहिला अंक होता. ऑगस्ट २०२३मध्ये पूर्ण गेम आला, आणि मधल्या जवळजवळ तीन वर्षांत खेळाडूंनी साठवलेला एकही खेळ त्यात पुढे नेता आला नाही. ज्यांनी कुणाचा जीव वाचवला, कुणाचा विश्वास मिळवला, त्यांचं ते सगळं पुसलं गेलं. असं होणार हे ठाऊक असूनही लोक त्या सोबत्यांशी बोलत राहिले, भांडत राहिले, कोणता शब्द वापरावा यावर थांबून विचार करत राहिले. ज्या निवडीला फळ नाही, आणि ज्या निवडीचं फळ निवड करवून घेणाऱ्या लेखकालाही अजून माहीत नाही, ती निवड म्हणायची का? गीतेनं कर्म आणि फळ यांची जी फारकत मांडली, तिची इतकी उघड चाचणी क्वचितच होत असेल.

माझं म्हणणं असं की अशी निवड खरी असते, आणि पूर्ण झालेल्या गेममधल्या निवडीपेक्षा पुष्कळदा जास्त खरी असते. पूर्ण गेमची सवय कशी घडली ते पाहिलं की हे पटेल. कोनामीच्या १९९४च्या ‘तोकिमेकी मेमोरियल’पासून नात्यांच्या खेळात एक हिशेब चालत आला आहे: समोरच्या मुलीच्या मनातलं माप वाढवा, शेवटी ती प्रेम कबूल करील. ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) हा अतिशय मायेनं केलेला गेम, तरी त्यातही आवडती भेटवस्तू आठवड्यातून दोनदा दिली की हृदयाची चिन्हं भरत जातात. कोणाला काय आवडतं याच्या याद्या सहज मिळतात. त्या हातात आल्या की खेळाडू समोरच्या माणसाकडे पाहत नाही, त्याच्या पलीकडच्या फळाकडे पाहतो. पात्र उरतं ते किल्ली शोधायच्या कुलपासारखं. गीता फलाशा सोडायला सांगते तेव्हा ती परिणामाबद्दल बेफिकीर व्हायला सांगत नाही. फळावर डोळा ठेवला की कर्मच बिघडतं, हे तिचं निदान आहे. नात्याच्या बाबतीत हे निदान सर्वांत आधी लागू पडतं. कुणाची विचारपूस त्यातून काय मिळेल या हिशेबानं केली, तर ती विचारपूस उरत नाही. अर्धवट गेममध्ये हा हिशेब मांडायला जागाच नसते. यादी तयार नसते, कारण शेवट तयार नसतो. खेळाडूपुढे उरतं ते समोरचं पात्र आणि त्याला आत्ता काय उत्तर द्यावं हा प्रश्न.

खेळाला अध्यात्माचा भार पेलवेल का, ही शंका महाराष्ट्रात तरी कोणी घेऊ नये. परंपरेनं ज्ञानेश्वरांशी जोडलेला मोक्षपट हा कवड्यांवर खेळायचा खेळच होता. पटावरच्या घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावं, सद्गुणाच्या घरातून वर नेणारी शिडी, दुर्गुणाच्या घरात खाली ओढणारा साप, आणि शेवटी मोक्ष. पुढे हा खेळ इंग्लंडमध्ये पोचला आणि तिथे त्याची सापशिडी झाली. मोक्षपटात खेळाडूला निवड मुळीच नाही. कवड्या पडतील तसं जायचं. आजच्या मोजमापानं हा अगदी गरीब खेळ ठरेल. पण त्याचं शिक्षण निवडीत नव्हतं. आपण कोणत्या घरात उभे आहोत, त्याचं नाव काय, आणि इथून आपण कुठे जातो, हे उच्चारत खेळणं हेच शिक्षण होतं. खेळात स्वातंत्र्य किती आहे हे वाटा मोजून ठरत नाही, असा मला त्याचा अर्थ दिसतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. गेममधलं प्रत्येक वाक्य कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं. चार उत्तरांपैकी एक निवडणं म्हणजे दुसऱ्यानं आखलेल्या चार रेघांपैकी एकीवरून चालणं. मग कर्ता खेळाडू कसा? या आक्षेपामागे असं गृहीत आहे की कर्ता म्हणजे सर्वस्वी स्वतंत्र असा एकटा कोणी. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवं दैव. कर्ता या पाचांतला एक आहे. त्याच्या पायाखालची जमीन, हातातली हत्यारं, त्याच्या आवाक्याबाहेरचं दैव, यांतलं काहीच त्यानं केलेलं नसतं, तरी तो कर्ता राहतो. चार उत्तरं आपण लिहिली नाहीत एवढ्यानं त्यांतलं एक उच्चारण्याची जबाबदारी संपत नाही. घरात, कचेरीत, पंचायतीत बोलतानाही आपल्यापुढे याहून फार जास्त पर्याय असतात असं नाही. ‘केंटकी रूट झीरो’ हा गेम २०१३ ते २०२० अशी सात वर्षं अंकाअंकानं येत राहिला. त्यातली बहुतेक उत्तरं घटनाक्रम बदलत नाहीत. बोलणारा माणूस आतून कसा आहे, आठवणींशी त्याचं नातं काय, एवढंच ती ठरवतात. पुढचा अंक कधी येईल याचा भरवसा नसताना लोकांनी ती उत्तरं काळजीपूर्वक निवडली. फळ बदलत नसतानाही निवडण्यासारखं काहीतरी शिल्लक होतं, ते म्हणजे आपण कोण म्हणून बोलतो आहोत.

पण निवड खरी होण्यासाठी एक अट आहे, आणि लिहिणाऱ्याचं खरं काम तिथे सुरू होतं. समोरच्या पात्राला नाही म्हणता आलं पाहिजे. जे पात्र आपल्या प्रत्येक उत्तराशी जुळवून घेतं, त्याच्याशी नातं जुळत नाही, कारण दुसऱ्या टोकाला कोणी नसतंच. सुपरजायंट गेम्सचा ‘हेडीस’ डिसेंबर २०१८ ते सप्टेंबर २०२० अर्धवट अवस्थेत लोकांपुढे वाढत गेला. त्यात महालाची साफसफाई करणारं दूसा नावाचं भिडस्त पात्र आहे. खेळाडू तिला भेटी देत राहतो, ती लाजते, अडखळते, आणि गेमच्या सवयीप्रमाणे हे प्रेमात संपणार असं वाटत असतानाच ती नीट विचार करून सांगते की तिला मैत्री हवी आहे, प्रेम नाही. खेळाडूनं काही चुकीचं केलेलं नसतं. दुसरं उत्तर निवडून हा निकाल उलटवता येत नाही. आणि म्हणूनच आधी दिलेल्या भेटींना मागाहून वेगळी किंमत येते: त्या फळासाठी होत्या की तिच्यासाठी, हे खेळाडूला स्वतःलाच विचारावं लागतं. पैठणच्या परंपरेला हे परकं नाही. नाथांच्या हिंदू-तुर्क संवादात दोघेही एकमेकांच्या धर्माचे वाभाडे काढतात, कोणी कोणाला सवलत देत नाही, आणि शेवटी गळाभेट होते. नाथांनी एकाला दुबळं करून दुसऱ्याच्या तोंडी सगळी उत्तरं घातली असती, तर त्या गळाभेटीला काही मोल उरलं नसतं. गीतेचा शेवटही असाच आहे. सगळं सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला म्हणतो की याचा पुरता विचार कर आणि मग इच्छेला येईल तसं वाग. साक्षात भगवंतानं जिथे समोरच्याच्या नकाराला जागा ठेवली, तिथे आपण लिहिलेल्या पात्रांकडून ती काढून घेऊ नये.

अर्धवट गेमचा धोका नेमका इथेच आहे. लेखक अजून लिहितो आहे, आणि खेळणारे त्याच्या दाराशी उभे आहेत. कोणाला एखादी नायिका फार तुसडी वाटते, कोणाला एखादा मित्र फार लवकर रागावतो असं वाटतं, आणि बहुतेकांना आपल्या आवडत्या पात्रानं आपल्यावर प्रेम करावं असं वाटतं. आम्ही पैसे मोजले आहेत, या कामाला आम्हीच जगवतो आहोत, मग आमचं ऐका, हा त्यांचा आक्षेप मी उडवून लावणार नाही. ऐकून चांगलंही होतं. ‘बाल्डर्स गेट ३’मधला विल हा सोबती पहिल्या आवृत्तीत पुष्कळांना फिका वाटला होता; पूर्ण गेममध्ये त्याची कथा मोठ्या प्रमाणावर नव्यानं लिहिली गेली, त्याचा आवाजही बदलला. हा फेरफार मला रास्त वाटतो, कारण पात्राला अजून स्वभावच आला नव्हता आणि लेखक तो शोधत होते. हे पात्र मला खरं वाटत नाही, असं खेळाडू म्हणतो तेव्हा तो लेखकाला मदत करतो. या पात्रानं मला हो म्हणावं, असं म्हणतो तेव्हा तो स्वतःची निवड स्वतःच मारतो, कारण मिळणारच आहे त्याची निवड करता येत नाही. पहिली तक्रार ऐकावी, दुसरी ऐकू नये. दोन्हींतली सीमा रोजच्या कामात पुसट असते हे मान्य, पण ती ओळखायला एक कसोटी पुरते: गेम उद्या बंद पडला आणि दुसऱ्या कोणाला पूर्ण करावा लागला, तर हे पात्र काय करणार नाही, हे त्याला कळेल का?

ही कसोटी कल्पनेतली नाही. ‘द वॉकिंग डेड’ या गेमच्या अंतिम पर्वाच्या चारपैकी पहिलाच भाग आला होता, तेव्हा सप्टेंबर २०१८मध्ये टेलटेल कंपनीनं बहुतेक सगळ्या कर्मचाऱ्यांना काढून टाकलं; दुसरा भाग त्यानंतर काही दिवसांनी आला. पुढे स्कायबाउंडनं मूळ चमूतले काही लोक घेऊन मार्च २०१९पर्यंत ते पर्व पूर्ण केलं. त्यात क्लेमेंटाइन ही नायिका एजे नावाच्या लहान मुलाला वाढवते. खेळाडूची जवळजवळ प्रत्येक निवड तो मुलगा बघत असतो, आणि शेवटच्या भागात जीवनमरणाचा एक निर्णय खेळाडूच्या हातात न राहता एजेच्या हातात जातो. खेळाडूनं त्याच्यावर भरवसा टाकला की नाही, यावर तो काय करतो हे ठरतं, आणि दोन्ही वाटांवर कोणीतरी गमावावंच लागतं. पहिले दोन भाग खेळलेल्यांना हा शेवट ठाऊक नव्हता, तो येईल की नाही हेही काही काळ ठाऊक नव्हतं. तरी त्या दोन भागांतली निवड वाया गेली नाही, कारण ती एका मुलाच्या स्वभावात साठत होती. फळ असं दुसऱ्याच्या स्वभावातून, त्याच्या मर्जीनं येतं, तेव्हा ते नात्याचं फळ असतं.

उरतो तो सर्वांत सरळ आक्षेप. दूसा खरी नाही, एजे खरा नाही, त्यांना दुखापत होत नाही; मग एवढा धर्मविचार कशाला? योगशास्त्रात कर्माचा जो संस्कार सांगितला आहे, तो कर्म करणाऱ्याच्या चित्तावर उमटतो; समोर कोण होतं याची त्याला अट नाही. जिथे प्रत्येक माणूस योग्य भेटवस्तूनं उघडतो, अशा जगात शेकडो तास वावरणाऱ्याला नकार हा खेळातला दोष वाटू लागला, तर त्यात नवल नाही. हे गेम ज्या वयाची मुलं खेळतात, त्या वयात पहिला नकार ऐकायचा असतो आणि पहिला द्यायचाही असतो. म्हणून हा प्रश्न मला करमणुकीचा वाटत नाही.

आणि नकाराची ही जागा दोन्ही बाजूंना हवी. मार्च २०१२मध्ये ‘मास इफेक्ट ३’ आला, तीन गेमभर जोडलेल्या नात्यांचा शेवट लोकांना मान्य झाला नाही, आणि शेवट बदला म्हणून मोठी ओरड झाली. जूनमध्ये बायोवेअरनं विनामूल्य जोड दिली. तिच्यात आधीचे शेवट तसेच ठेवले, त्यांची उकल वाढवली, आणि एक नवी वाट घातली: समोर ठेवलेले सगळे पर्याय नाकारण्याची. ती घेतली तर नायक, त्याचे सोबती आणि त्यांचं सगळं युग हरतं; जिंकतात ते पुढच्या युगातले लोक, यांनी मागे ठेवलेल्या माहितीच्या बळावर. खेळाडूंनी मागितलेला सुखाचा शेवट लेखकांनी दिला नाही. त्यांनी खेळाडूला नाही म्हणू दिलं, आणि त्या नकाराची पूर्ण किंमत लिहून काढली.