डार्सीचा गुरूर आणि आमचा

उर्दूत 'खुद्दारी' आणि 'गुरूर' असे दोन शब्द आहेत. मराठीत स्वाभिमान आणि गर्व. शब्दकोशात दोघांची घरे वेगळी, पण माणसाच्या मनात त्यांच्यामधली भिंत फार पातळ असते. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी वाचताना आम्हाला हे प्रकर्षाने जाणवले. १८१३ साली ती लेखिकेचे नाव न छापता लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. लोक ती प्रेमकथा म्हणून वाचतात. आम्हाला ती तरबियतीची कथा वाटते.

डार्सी हा वर्षाला दहा हजार पौंड उत्पन्नाचा जमीनदार. नाचाच्या मेळाव्यात तो एलिझाबेथच्या रूपाला नाक मुरडतो आणि ते तिच्या कानावर पडते. पुढे तो तिलाच मागणी घालतो. तीही तिचे घराणे किती हलके आहे हे ऐकवत! नकाराची शंकाही त्याला शिवत नाही. एलिझाबेथ त्याला तोंडावर नकार देते आणि त्याच्या वागण्यात सभ्यपणा नाही असे सुनावते.

हा गुरूर सर्वांना दिसतो. एलिझाबेथचा मात्र चटकन दिसत नाही. आपल्याला माणसांची पारख आहे, याचा तिला अभिमान. म्हणूनच गोड बोलणारा विकम तिला सज्जन वाटतो आणि अबोल डार्सी दुष्ट. डार्सीचे पत्र वाचल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटते.

कादंबरीच्या शेवटी डार्सी एक कबुली देतो. लहानपणी त्याला चांगली तत्त्वे शिकवली गेली, पण स्वभावाला वळण कुणी लावले नाही. ती तत्त्वे त्याने ताठ्यातच पाळली. शिक्षकाने या जागी क्षणभर थांबावे. माणसाला दुर्गुणांचा गर्व क्वचितच होतो. गर्व होतो तो इल्मचा, इमानदारीचा, दानाचा.

आमचाच अनुभव सांगतो. आम्ही काही शिक्षकांनी वर्गणी काढून गरीब मुलांसाठी वह्या आणल्या. मंचावर एकेकाचे नाव पुकारले. सातवीतला एक मुलगा जागचा उठलाच नाही. दोनदा पुकारले, तरी मान खाली. "किती मग्रूर पोरगा!" असे आम्ही शिक्षकांच्या खोलीत बोललोसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. म्हणाली, "आपा, वह्या नको असं नाही. त्याला नाव पुकारलेलं नको होतं."

त्या पोराजवळ खुद्दारी होती. गुरूर मंचावर उभा होता, हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन. आणि मुलांना आम्ही ओळखतो, हा आमचा दावा एलिझाबेथच्या दाव्याहून वेगळा नव्हता.

डार्सी बदलला हे कशावरून ओळखावे? त्याच्या गोड शब्दांवरून नव्हे. एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया विकमबरोबर पळून जाते. डार्सी लंडनला जाऊन दोघांना शोधतो, विकमचे कर्ज फेडतो, लग्न लावून देतो आणि त्याचे श्रेय मुलींच्या मामाच्या नावावर जाऊ देतो. ही गोष्ट गुप्त राहावी, अशी त्याची इच्छा असते. ज्याला मागणी घालतानाही उपकाराची भाषा सुटली नव्हती, तोच माणूस आता उपकार करून गप्प राहतो. गुरूर गेल्याची याहून मोठी खूण आम्हाला माहीत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही वह्या वर्गातल्या कपाटात ठेवल्या. ज्याला लागेल त्याने न विचारता न्याव्यात. कुणी किती नेल्या, हे आम्ही पाहिले नाही.

मात्र हे लिहिताना मनात हलकेसे समाधान दाटते आहे. वाचकहो, ते समाधान कशाचे, हे आम्ही अजून तपासून पाहतो आहोत.